धुवायला माझे हात

भरलेली बादली काकूनं माझ्या डोळ्यांदेखत मातीत उपडी केली. माझ्या लहानग्या सोनीनं फिल्टरची तोटी उघडून दोन घोट पाणी प्यायलं होतं. तेवढ्यासाठी.

"सगळं पाणी बाटवलं हिनं! पोरगी आवरता येत न्हाई का गं तुला?"

सोनी ओल्या तोंडानं माझ्या पदराआड लपली. काकू म्हणजे आमच्या मुकादमाची बायको, सगळी टोळी तिला काकूच म्हणते. तिनं रिकामी बादली माझ्या पायाशी आदळली. "आता फिल्टर धून दे. नीट धू. लई घाण बसलीय."

ऐकलंत ना? पोरीचा हात लागला म्हणून पाणी ओतून दिलं. आणि फिल्टर धुवायला कुणाला सांगितलं, तर त्याच पोरीच्या आईला.

आमची टोळी वडवणीकडची. ऊस तोडायला सिरसाळ्याच्या शिवारात उतरलेली. टोळीत मांगाचं घर आमचं एकच, नवरा, मी आणि सोनी. आमची कोपी, म्हणजे झोपडी, सगळ्यांपासून लांब, उसाच्या पाचटाच्या ढिगापलीकडं. प्यायला कालव्याचं पाणी, गढूळ, कडेला शेवाळ. तिथं सगळ्यांच्या कळशा एकाच जागी बुडायच्या. कुणी काही म्हणायचं नाही. त्या पाण्यानं सोनीला जुलाब लागले. डोळे खोल गेले, रडायचंही त्राण राहिलं नाही. डॉक्टर मला म्हणाले, पाणी सांभाळा, पुन्हा असं झालं तर पोर हाती लागायची नाही.

मग एका संस्थेच्या बायका आल्या आणि टोळीला फिल्टर देऊन गेल्या. वर एक बादली, खाली तोटीची दुसरी, मधल्या नळीत एक पांढरं नळकांडं. वर गढूळ ओता, खाली नितळ घ्या. रोज पिचकारीनं उलट्या बाजूनं पाणी मारलं की आत अडकलेला गाळ बाहेर येतो. माझा तर जीव भांड्यात पडला.

मुकादमानं फिल्टर आपल्या कोपीपुढं मांडला. बाकीच्या बाया तोटी उघडून कळशी भरायच्या. मी कळशी खाली ठेवून बाजूला सरायचं, मग काकू वरून तांब्यानं ओतणार. निम्मं पाणी मातीत जायचं. गढूळ पाण्याला जात नव्हती. पाणी स्वच्छ झालं आणि सगळ्यांना माझी जात आठवली.

गाळ काढायचं काम मात्र माझं. काळा, चिकट, कुजका वास मारणारा गाळ. "ते तुज्याकडंच आसू दे," काकू म्हणाली होती. पोरीसाठी मी तेही केलं. मान खाली घालून वरून ओतलेलं पाणी घेतलं. जीव जळायचा, पण सोनी बरी होती.

बादली उपडी झाली त्या दिवशी मी पिचकारी उचलली. फिल्टर धुतला. वर पाणी ओतलं आणि खालची बादली भरेपर्यंत तिथंच बसून राहिले. भीती नव्हती, संताप होता. मग उठले, सगळ्यांसमोर तोटी उघडली, ओंजळीनं सोनीला पाजलं. मग मी प्याले.

काकू किंचाळली. मुकादम धावत आला. "लई शानी झालीस का गं? हो बाजूला!"

"धुवायला माजा हात चालतो, मंग प्यायला कावून चालत न्हाई?"

"रीत हाय ती."

"मंग हे बी वतून द्या. पण आजपासून मी धुणार न्हाई."

त्यांनी तेही ओतून दिलं. नवरा म्हणाला, "कशाला नसती आफत वढून घेतीस?" मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर फिल्टर कुणीच धुतला नाही. पिचकारी काही अवघड नव्हती, सगळ्यांनी बघितली होती. पण त्या गाळाला हात कोण लावणार? धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. टोळी पुन्हा कालव्यावर गेली. मुकादमाच्या घरात जुलाब लागले. काकू पोट धरून उसाआड पळायची. पण 'तूही तोटीनं घे' एवढे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. त्यांनी आजार पत्करला, माझा हात नाही. मी फडावरून मेल्यागत येऊन पाचटाच्या जाळावर सोनीचं पाणी उकळत राहिले.

संस्थेच्या बायका पुन्हा आल्या. मुकादम म्हणाला, "फिल्टर खराब निघाला, ताई."

मी पुढं झाले. "फिल्टर चांगला हाय, ताई. गाळ मी काढायचा आन् तोटी ह्यांनी उघडायची, म्हणून बंद हाय."

त्यांच्यातली एकजण हळूच म्हणाली, "हे तुम्ही आपसात मिटवा." आणि सगळ्या गाडीत बसल्या.

आता नव्या हंगामासाठी पुन्हा टोळ्या ठरताहेत. मुकादमाचा निरोप आलाय, अवंदा नवा फिल्टर हाय, धुवायला तू ये.

मी उलटा निरोप धाडला. तोटी मी उघडणार, माझी पोर उघडणार. वरून ओतलेलं पाणी आता आमच्या घशाखाली उतरणार नाही. कबूल असेल तर येते. नसेल तर तुमचा गाळ तुम्ही काढा.