सगळ्यात कमी मात्रेची बशी

ताई आमच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बशा भरतात. बशी म्हणजे काचेची चपटी डबी. तिच्यात औषध घातलेली खळ ओतायची, वर यीस्ट पसरायचं आणि ते मरतं का ते पाहायचं. ताईंचं शिक्षण दहावी, पण हात असा की पदव्यांची भेंडोळी घेऊन आलेले आम्ही त्यांच्यापुढे पाणी भरतो. चुकलं की आमच्या प्रमुख सरांनाही सुनावतात.

महिनाभर मात्र त्या कुणाला काही सुनावत नव्हत्या. नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि मागोमाग रक्तात यीस्ट शिरलं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच भावंड, पण जिवावर उठलेलं. दोन औषधं झाली, ताप हटेना. डॉक्टरांनी ते यीस्ट तपासायला आमच्याकडेच पाठवलं. म्हणजे नवऱ्याला पोखरणारं ते यीस्ट ताईच रोज जोपासत होत्या. मला ते बघवत नसे.

आमचं काम झिंक ऑक्साईडच्या नॅनोकणांवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर. हे कण यीस्ट मारतात, पण जास्त मात्रेत माणसाच्या पेशीही मारतात. म्हणून ताईंचा सगळा जीव कमी मात्रेत अडकलेला.

त्या दिवशी ऐन कामात इस्पितळाचा फोन आला. बोलत बोलतच त्यांनी पाच बशा भरल्या, मोठ्या मात्रेपासून लहान मात्रेपर्यंत. दोन दिवसांनी पाहिलं, तर सगळ्यात कमी मात्रेची बशी लख्ख!

"अगं, मेलं! एवढ्याशा थेंबात मेलं!"

त्यांनी मला मिठीच मारली. मीही वेडी, बाकीच्या बशांकडे पाहिलंच नाही. ताई तशाच इस्पितळात पळाल्या.

सरांनी बशा पाहिल्या. "जास्त मात्रेत वाढलं आणि कमीत मेलं? बाटली हलवली होती का?"

हे कण पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात. दर वेळी बाटली हलवूनच थेंब घ्यायचा, हे मला ताईंनीच शिकवलं होतं. फोनच्या नादात त्याच ते विसरल्या. पहिल्या चार बशांत नुसतं वरचं पाणी गेलं होतं आणि बाटली संपताना शेवटच्या बशीत तळाचा सगळा गाळ, म्हणजे सगळ्यात जास्त मात्रा.

मी इस्पितळ गाठलं. जिन्यातच ताईंना सांगितलं.

"मी यांना सांगून बसले गं," एवढंच म्हणाल्या.

आत नवरा उशीला टेकून बसला होता. आठ दिवसांनी आज आपल्या हाताने जेवत होता. मला पाहून हसला.

"हिचं काय, ही माझ्यासाठी काहीही बोलेल. तुम्ही शिकलेल्या. खरंच सापडलं का औषध?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. काय करणार होते मी?

"सापडलं," मी म्हणाले.

"मग सुरू कधी करणार?"

"सोमवारी," ताई म्हणाल्या.

"सोमवार ना? तेवढे दिवस काढतो की मी," असं म्हणून त्याने पुढचा घास घेतला.