एक नंबरच्या बंदुकीवर दोनचा आकडा

“ही बंदूक जोडकाम केलेली आहे,” डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्या काउंटरवर ठेवला. “हा तुकडा दुसऱ्याच बंदुकीचा दिसतोय. चोरीचा माल असला तर? मी नाही घेणार.”

“चोरीचा? म्हंजी माझा बाप चोर व्हता का?” कासुर्डीचे आबा ताडकन उठले. बंदूक त्यांची होती, वडिलांच्या मागे त्यांच्या नावावर आलेली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शिरूरला माझं बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. आबांच्या घरात बंदूक वापरणारं कुणी उरलं नव्हतं, पुण्याच्या डॉक्टरांना जुन्या बंदुका जमवायचा नाद. गाठ मीच घालून दिली होती. त्यामुळे आबांच्या रागाचा पहिला धनी मीच.

बंदूक मी हातात घेतली. विलायती, दुनळी, छऱ्याची. हिचे तीन भाग असतात. नळ्या, खांद्याला लावायचा दस्ता आणि नळ्यांखाली हाताने धरायचा लाकडी तुकडा, त्याला फोरएन्ड म्हणतात. पूर्वी बड्या गिऱ्हाइकांसाठी अगदी सारख्या दोन बंदुका जोडीने बनवत. साहेब एक झाडणार, तोवर नोकर दुसरी भरणार. भागांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक भागावर सोन्याचा आकडा बसवत. आबांच्या नळ्यांवर एक होता आणि फोरएन्डवर दोन.

दोनचा फोरएन्ड इथे आहे, म्हणजे एकचा कुठेतरी जोडीदारणीच्या अंगावर असणार! मला खुर्चीत बसवेना.

“डॉक्टर, ही अर्धी जोडी आहे. दुसरी सापडली तर?”

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. “सापडली तर दोन्ही घेतो. पण आधीचे मालक कोण कोण, ते पक्कं कळलं पाहिजे.”

“इकायचं ऱ्हाऊ द्या,” आबा म्हणाले. “बापाच्या नावाला लागलेला डाग तेवढा पुसा.”

“वडिलांनी घेतली कुणाकडनं?”

“दौंडच्या रेल्वेच्या गोऱ्या सायबाकडनं. त्यो इलायतेला निघाला तवा. दुसरी व्हती का न्हाई, मला काय म्हाईत? मी तवा रांगत व्हतो.”

नशीब असं, की थोड्याच दिवसांत निवडणुका लागल्या. निवडणूक आली की लोकांच्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. त्या रिकाम्या आहेत का हे तपासायला दौंडचे हवालदार मला बोलवायचे. या वेळी मी आपणहून हजर झालो.

“सांगावा न्हाई धाडला, तरी आलासा?”

“म्हटलं, तुमचं काम आधीच उरकून टाकावं.”

भिंतीला टेकून रांगच होती. बहुतेक देशी, एकनळी. एकेक उघडून बघत गेलो. शेवटाकडे एक दुनळी आली. नळ्यांवर सोन्याचा दोन. बंदूक पालथी केली, तर फोरएन्डवर एक!

“सापडली!” मी ओरडलो.

“हळू वो! ठाण्यात बार उडाला म्हणून बोंब व्हईल,” हवालदार म्हणाले.

मालक होते युसूफभाई, स्टेशनाजवळ त्यांची बेकरी. मी तडक तिथे गेलो. हाताला पीठ तसंच ठेवून त्यांनी ऐकलं आणि खदाखदा हसायला लागले.

“चोरी कसली? आमचे अब्बा इंजिन ड्रायव्हर. ते आन् कासुर्डीचे पाटील, म्हंजी तुमच्या आबांचे वडील, दोघं साहेबाबरोबर शिकारीला जायचे. तवा बंदी न्हवती. साहेबानं जाताना दोघांना एकेक बंदूक इकली. दोघांना एकमेकांची पगडी घालून पगडीबदल भाऊ व्हायचं होतं. पाटलांनी फेटा उतरवला. पण अब्बांच्या डोक्यावर रेल्वेची टोपी! सरकारी माल, देणार कसा? मग टोपीच्या जागी बंदुकीचं लाकूड बदललं. पुढं अब्बांची बदली झाली लांब. आम्ही दौंडला परत आलो तवर पाटील गेले होते.”

मी बेकरीत उभ्या उभ्या टाळी वाजवली. इतका आनंद मला स्वतःच्या दुकानाचा परवाना मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

निवडणूक आटोपली. बंदूक सोडवून युसूफभाई शिरूरला आले. डॉक्टर आणि आबा आधीच येऊन बसले होते. युसूफभाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. आबा ऐकत होते, उपरण्याने डोळे पुसत होते. “आन् मला कुणी कधी सांगितलंच न्हाई,” एवढंच म्हणाले.

मी दोन्ही फोरएन्ड काढले आणि ज्याचे त्याला लावले. एकला एक, दोनला दोन. खट् करून बसले. डॉक्टर तर लहान मुलासारखे हरखले. “व्वा! जोडी जमली! दोन्ही माझ्या. सांगा काय ते.”

आबांनी युसूफभाईंकडे बघितलं.

“पैल्यासारखं लावा,” आबा म्हणाले.

“हां, उलटंच बरं हाय,” युसूफभाई म्हणाले.

“अहो, उलटं लावलं तर जोडीला अर्थ काय राहिला?” डॉक्टर कळवळले.

“डॉक्टर, मालक कोण, ह्ये तुमीच इचारलं ना?” आबांनी युसूफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “आमी दोघं. आता भावाची वस्तू कशी इकू?”

मी निमूटपणे फोरएन्ड पुन्हा बदलले. दोघं आपापली बंदूक घेऊन एकाच गाडीने गेले, आधी दौंडला, बेकरीत चहाला. डॉक्टर माझ्यावर बरेच दिवस रुसून होते.

त्यानंतर मी शौकीन गिऱ्हाइकांना एकच सांगायचो. आधी सौदा करा, मग मालक शोधा.