झिकोचं पथ्यपाणी

शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले वगीह शुक्री चौतीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरात शिरले ते फक्त नावं ठेवायला. मुलूखियाची भाजी पातळ झाली, माशाला जिरं कमी पडलं, भात चिकट झाला. बायको, रतीबा, बाळंतपणातून उठली तेव्हासुद्धा या गृहस्थाला साधा चहा जमला नव्हता.

मग लेक नादिया नवऱ्याबरोबर दुबईला गेली आणि आपला कुत्रा झिको अलेक्झांड्रियात आईबापांकडे सोडून गेली. झालं! महाशयांच्या अंगात आचारी संचारला. सकाळी उठून खाटकाकडून ताजी कलेजी आणायची, चष्मा लावून गाजरं किसायची, भात मऊ शिजवायचा. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. शेवटी करंगळी बुडवून निवलंय का ते बघायचं.

"ओट्यावरचा हा पसारा कोण आवरणार?" रतीबानं एकदा विचारलं.

"तू आहेस की."

"हो, मी आहेच. कुत्र्याची मोलकरीण!"

त्या हिवाळ्यात ती तापानं अंथरुणाला खिळली. तीन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. स्वयंपाकघरातून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता. तिनं हाक मारली, "अहो, वाटीभर गरम सूप तरी द्या."

"मला कुठे येतं गं करायला?"

"मग शिजतंय ते काय?"

"ते झिकोचं. मोजून केलंय."

एवढं बोलून ते कुत्र्याला समुद्रावर फिरवायला घेऊन गेले.

रतीबा भिंत धरून उठली. पातेलं टेबलावर घेतलं, त्यात मीठ घातलं, जिरं घातलं, अख्खं लिंबू पिळलं आणि पाव बुडवून बुडवून खाऊ लागली. एक गोष्ट तिला मान्य करावी लागली. माणूस नालायक होता, पण रस्सा उत्तम होता. त्यामुळे तर तिला जास्तच संताप आला.

वगीह परतले तेव्हा ती पातेल्याचा तळ पुसत होती. ते दारातच थिजले. "अगं, आता हा काय खाणार?"

'बरं वाटतंय का' एवढं तरी विचारतील, अशी वेडी आशा तिला त्या क्षणापर्यंत होती.

"तुमचं डोकं खाऊ दे," ती म्हणाली. "घरात तेवढंच पोकळ हाड उरलंय."

ताप उतरल्यावर तिनं बॅग भरली आणि दमनहूरला बहिणीकडे गेली. नवऱ्याचा फोन आला तो पाचव्या दिवशी. रतीबा तेव्हा अंगणात बहिणीबरोबर घेवडा सोलत होती.

"रतीबा, तांबडा भोपळा सालासकट उकडायचा की साल काढून?"

"कोणासाठी?"

"झिकोसाठी गं. आणखी कोणासाठी?"

तिनं फोन ठेवला आणि बहिणीला सगळं सांगितलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वसंतात ती अलेक्झांड्रियाला एकदाच गेली, आपले उन्हाळी कपडे आणायला. वगीहनी दार उघडलं. त्यांच्या हातात रश्श्याचा डाव होता. तिनं कपडे घेतले आणि दुपारच्या गाडीनं परत निघाली.