बाबांच्या केस पेपरवर माझे नाव

मी पाच महिने मनाच्या दवाखान्याचा नोंदलेला रुग्ण होतो आणि त्या काळात माझी तब्येत उत्तम होती. दोन्ही गोष्टी तपासून घेतल्या आहेत. दुरुस्ती छापण्याची गरज नाही.

आजारी होते ते आमचे बाबा. कापडाच्या गिरणीत त्यांनी पस्तीस वर्षे टाइमकीपरची नोकरी केली. भोंगा वाजला की फाटकाशी उभे राहायचे आणि कोण किती मिनिटे उशिरा आला ते रजिस्टरात लिहायचे. (घरीही हीच पद्धत. सुईणीने सांगितलेल्या दिवसापेक्षा मी नऊ दिवस उशिरा जन्मलो, ही माहिती त्यांनी माझ्या लग्नात व्याह्यांना दिली होती!) मग ते निवृत्त झाले. पहिला महिना त्यांनी आमच्या वेळा तपासण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात भिंतीवरच्या घड्याळाला चावी देणे सोडले. तिसऱ्या महिन्यात बोलणे सोडले. त्यानंतर नागपुरात, जरीपटका वस्तीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. ताट समोर ठेवले तर दोन घास खात, नाही ठेवले तर मागत नसत. घड्याळ सव्वाचारावर थांबले होते. त्याला हात लावायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती.

"अहो, बाबांले कोणाले तरी दाखवा ना," माझी बायको सुमन म्हणाली. "माणूस डोळ्यांदेखत विझून राहिला."

त्याच सुमारास आमच्या वस्तीच्या दवाखान्यात, पोरांना लस टोचायच्या खोलीत, दर गुरुवारी मनाच्या आजारांचे डॉक्टर बसू लागले होते. सोबत इंगळेबाई नावाच्या समाजसेविका असत. लोकांना लांबच्या मोठ्या इस्पितळात जावे लागू नये, मोहल्ल्यातच मनातले बोलता यावे आणि पुढची विचारपूस बाईंनी घरी येऊन करावी, अशी योजना होती. योजना चांगली होती. अडचण फक्त बाकाची होती. तो बाक रस्त्याकडे तोंड करून होता आणि रस्त्यापलीकडे गजभियेमावशींचा ओटा होता. मावशींच्या ओट्यावरून निघालेली बातमी आमच्या वर्तमानपत्राच्या आधी शहरभर पोचत असे, आणि त्यांना कागदही लागत नसे!

"पागलांच्या डॉक्टरकडे बाबांले नेलं, तं वस्ती काय म्हणन?" मी सुमनला म्हणालो.

"वस्ती काय त्यांच्या ताटात पाहून राहिली? मी पाहून राहिली."

यावर मी धंद्यातला तोडगा काढला. वर्तमानपत्रात बारा वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माहिती द्यायची, पण ज्याची आहे त्याचे नाव फोडायचे नाही. पुढच्याच गुरुवारी मी एकटाच दवाखान्यात गेलो.

"नाव?" इंगळेबाईंनी विचारले.

"नाव राहू द्या. एक गृहस्थ आहेत. माझे त्यांच्याशी जवळचे संबंध आहेत."

"नावाशिवाय केस पेपर निघत नाही, भाऊ."

मी माझे नाव दिले. "हे फक्त कागदापुरतं आहे," मी बजावले.

"सगळे असंच म्हणतात," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

मग मी त्या गृहस्थांची हकिकत सांगितली. महत्त्वाचे आधी, तपशील नंतर. बोलणे बंद. जेवण निम्मे. झोप तुटक.

"आपण आता कोणाले नको आहोत, असं त्यांना वाटतं काय?"

"वाटत असावं. अधिकृत दुजोरा मिळालेला नाही."

बाईंनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. "भाऊ, तुम्ही या गृहस्थांबद्दल इतकं दुरून काहून बोलून राहिले?"

"सवय आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांची घाई नको, आधी घर पाहू. मी समाधानाने बाहेर पडलो. घर पाहायला आलेल्या बाई कुणाची चौकशी करतील, हा प्रश्न काही मला पडला नाही. (पत्ता मीच लिहून दिला होता. पिनकोडसकट!)

मंगळवारी सकाळी अकराला इंगळेबाई वस्तीत आल्या आणि त्यांनी घर नेमके गजभियेमावशींना विचारले.

"प्रभाकरभाऊंचं घर कोणतं?"

"काय काम होतं वं बाई?"

"असंच. भेटायचं होतं."

बाईंनी अवाक्षर सांगितले नाही. पण दर गुरुवारी समोरच्या खोलीत बसणारी बाई मावशींना पाठ होती. बाई आमच्या दारात पोचल्या तेव्हा त्यांच्या मागे मावशीही होत्या, हातात रिकामी वाटी घेऊन. "विरजण मांगाले आली," असे त्यांनी कुणी न विचारता सांगितले.

मी रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलो होतो. बाहेरच्या खोलीतले बोलणे मला अर्धवट झोपेत ऐकू येऊ लागले.

"भाऊ झोपलेत? आता अकरा वाजता?"

"रोजच झोपतात," सुमन म्हणाली. आमच्या घरात खोटे बोलायची पद्धत नाही.

"जेवण बरोबर जातं?"

"पेपर वाचत जेवतात. भाजी कोणती होती विचारलं तं सांगता येत नाही."

"घरात बोलतात काय?"

सुमनने विचार केला. "सकाळी चहा मागतात. संध्याकाळी सायकलची चावी मागतात."

"बस्स?"

"अन आपण काही बोललो तं मधातच आपलं वाक्य सुधारून देतात."

"बापा!" मावशी म्हणाल्या. "इतकं वाढलं?"

मी तसाच, लुंगी सावरत बाहेर आलो. केस विस्कटलेले होते, डोळे लाल होते. पुराव्यात एवढीच भर पडायची राहिली होती!

"बाई, थोडा गैरसमज झाला. ते गृहस्थ म्हणजे..."

"कोणते गृहस्थ?" सुमनने विचारले.

तीन फुटांवर बाजेवर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागे मावशी वाटी घेऊन उभ्या होत्या. बोट दाखवून "हे" म्हणायचे होते. एक अक्षर! ते माझ्या तोंडून निघेना.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"प्रभ्या."

महिन्यामागून महिने गेले होते, आणि हा पहिला शब्द होता. सुमनच्या हातातला पेला तसाच राहिला.

"काय बाबा?"

"काय झालं गा तुले?"

दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला त्या वेळी एकच वाक्य सुचले. "बरं वाटत नाही, बाबा."

बाबा उठून बसले. त्यांनी तोंड आमच्याकडे वळवले.

"केव्हापासून?"

"चार महिने झाले."

"चार महिने! अन मले आता सांगून राहिला?" मग त्यांनी वर पाहिले. "अन हे घड्याळ काहून बंद आहे?"

पुढच्या गुरुवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बाबा मला दवाखान्यात घेऊन निघाले. माझा हात धरून! मी छत्तीस वर्षांचा होतो. ओट्यासमोर पोचताच मावशी ओरडल्या, "कुठं नेता भाऊ पोराले?"

"डॉक्टरकडे," बाबा साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाले. "मन थकलं त्याचं. त्यात लाजाचं काय आहे? गिरणीत विणायचा साचा बंद पडला तं मिस्त्रीले बोलावत नाही काय?"

जे झाकायला मी इतकी धडपड केली ते बाबांनी भर रस्त्यात जाहीर केले. मावशी ओटा उतरून जवळ आल्या. "भाऊ, मले बी मालक गेल्यापासून झोप नाही लागत. दाखवू काय?"

"दाखवा ना. पण टाइमात या."

दवाखान्यात मी बाईंना बाजूला घेतले. "बाई, खरे रुग्ण ते आहेत."

"ते मले मंगळवारीच दिसलं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तुमच्या एका वाक्यानं ते उठून बसले. तशी गोळी आमच्याकडे नाही. आता काही दिवस तुम्हीच बिमार राहा."

मी राहिलो. ही बिमारी सोपी नव्हती. मावशी माझ्याशी मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. बाबा जुन्या रजिस्टरात माझ्या पोळ्या आणि माझी झोप लिहू लागले. ऑफिसात बातमी पोचली (कागदाशिवाय!) आणि मुख्य उपसंपादकांनी माझ्याकडून खून, अपघात, निवडणुका सगळे काढून घेतले. "तू शांतपणे हवामान पाह," ते म्हणाले. महिना मेचा होता. नागपुरातल्या मे महिन्याचे हवामान रोज लिहून माणसाचे मन शांत होते, अशी त्यांची समजूत होती!

डॉक्टर दर गुरुवारी आम्हा दोघांना समोर बसवत. प्रश्न मला विचारत, उत्तरे बाबा देत. एका गुरुवारी त्यांनी विचारले, "आपला आता काही उपयोग नाही, असं वाटतं काय?"

बाबांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाले, "वाटते साहेब. भोंगा वाजते अन कोणी आपली वाट पाहून नाही राहत. रिटायर झाल्यावर असंच... म्हंजे, याले."

मी निवृत्त झालेलो नाही, हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होते. कुणी दुरुस्ती केली नाही. आयुष्यात प्रथमच मीही एक चूक तशीच जाऊ दिली.

त्या दिवसापासून ते बोलत गेले, माझ्या नावाने. हळूहळू माझे नाव घ्यायचेही विसरू लागले. आमची पाळी येईपर्यंत त्यांनी बाहेरच्या बाकाचा ताबा घेतला. लोकांना क्रमाने बसवू लागले. "डॉक्टरसाहेब, आज अकरा मिनिटं लेट," असे त्यांनी दारातच सांगितले आणि डॉक्टरांनी माफी मागितली! बाकावर बसायला लाजणारी माणसेही येऊ लागली. बाबा सगळ्यांवर उशिरासाठी सारखेच ओरडत, त्यामुळे कोण कशासाठी आले याकडे कुणाचे लक्ष राहत नसे.

पाचव्या महिन्यात बाईंनी केस पेपर बंद केला. घरी येताना मी सगळे कबूल करायचे ठरवले. "बाबा, तो केस पेपर खरं म्हणजे..."

"माहीत आहे मले."

"केव्हापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. बिमार माणूस पाच पोळ्या खाते काय?"

"मग मले नेत काहून राहिले?"

"तू येऊन राहिला होता ना गा," ते म्हणाले. "एक बी गुरुवार लेट नाही. जन्मापासून पहिल्यांदाच."

बाबा आता दर गुरुवारी बाकावर रजिस्टर घेऊन बसू लागले. मला ऑफिसात खून आणि निवडणुका परत मिळाल्या. पुढच्या वर्षी मी या दवाखान्यावर एक चांगला, सविस्तर मजकूर लिहायचे ठरवले आणि खिशात पेन लावून गुरुवारी तिथे पोचलो. बाकावर मावशी होत्या, आणखी पाचजण होते. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"नाव?"

"बाबा, मी आहे. बातमीसाठी आलो."

"सगळे असंच म्हणते," बाबा म्हणाले. "लायनीत बस."

मी मावशींच्या शेजारी बसलो. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारले, "पुन्हा... झालं... काय... गा?" तेवढ्यात रजिस्टरात माझ्या नावापुढे 'चार मिनिटे उशिरा' अशी नोंद झाली. मी घड्याळ पाहिले. नोंद बरोबर होती.