चार इंच वर

माझ्या बायकोने तीस वर्षं भूगोल शिकवला. इंदौरला बडा गणपतीजवळच्या आमच्या घरातून रोज सकाळी निघायची, बस पकडून देपालपूरच्या शाळेत जायची आणि सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर भारताच्या नद्या काढून दाखवायची. पुस्तकात न बघता. एकदा एका मुलीने वर्गात विचारलं, "मैडमजी, आपने सिंधु देखी है?" ही म्हणाली, नहीं बेटा. घरी आली, जेवण झालं. मग मला म्हणाली, "अहो, जी नदी पाहिलीच नाही ती मी इतकी वर्षं शिकवून राहिले."

रिटायर झाली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. लडाखात जाऊन सिंधूच्या काठावर तासभर बसायचं. आणि जायचं ते रस्त्याने, म्हणजे चंबळ, मग सपाट पंजाब, मग डोंगर, सगळं नकाशातल्यासारखं एकामागून एक येईल. बस, एवढंच. इतकी साधी गोष्ट मी कशी नासवली ते सांगतो.

मी एका कारखान्याच्या टूल रूममध्ये पस्तीस वर्षं काढली. केसाएवढा फरक बोटाने ओळखायचो, असा माझा लौकिक होता. लौकिक कसला, माज म्हणा. तर मी एक जुनी डबल केबिनची पिकअप घेतली. पुढे चौघांना बसायला जागा, मागे सामानाचा हौदा. इंजिन ठणठणीत. सांवेर रोडच्या ज्या मिस्त्रीला दाखवली तो गाडीखालून बाहेर येत हात पुसत म्हणाला, "बाऊजी, तेल-पानी बदलवा लो और निकल जाओ. इसमें कुछ नी करना."

तेवढं ऐकलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण आमची सकाळची पोहा मंडळी आहे ना! आम्ही चार रिटायर्ड माणसं रोज सकाळी एकाच दुकानासमोर उभे राहून पोहे खातो आणि ज्यातलं काही कळत नाही त्यावर मत देतो. गाडी तिथे नेली आणि पंचायत बसली. एक म्हणाला, "भिया, ऐसे कैसे जाओगे? वहाँ नाले पार करने पड़ते हैं." दुसऱ्याने मोबाईल काढून कुठल्यातरी गोऱ्याची गाडी दाखवली. तिला छतापर्यंत गेलेलं हवेचं नळकांडं, पुढे दोर ओढायचं यंत्र, वर तंबू. तिसरा म्हणाला, "बनाओ तो ऐसी बनाओ कि इंदौर देखे." इंदौर देखे! हेच ते शब्द. तेच माझ्या डोक्यात शिरले. सिंधू कोण बघणार, हे त्या शब्दांच्या मागे कुठेतरी राहून गेलं.

पहिल्या वर्षी मी हौद्याचं घर केलं. ॲल्युमिनियमची पेटी, झोपायची फळी, पाण्याची टाकी, सरकते कप्पे. बिजागऱ्या, कड्या, रबराच्या पट्ट्या यांसाठी सियागंजला इतक्या फेऱ्या मारल्या की हार्डवेअरवाले लांबूनच "आओ बाऊजी, आज क्या कम पड़ गया?" म्हणायचे. तिने पडदे शिवले. आणि एका कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला हाताने काढलेला नकाशा चिकटवला, इंदौर ते लेह. रस्ता लाल पेन्सिलीने, सिंधू निळ्या. मी बाहेरून ठोकाठोक करत होतो आणि ती आत बसून ती निळी रेघ गिरवत होती. मला म्हणाली, "जूनमध्ये रस्ता उघडतो म्हणे."

जूनमध्ये आम्ही कुठेच गेलो नाही. गाडीचं बॉडीचं काम बदलायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, हे मी काम झाल्यावर शोधून काढलं. पस्तीस वर्षं ड्रॉइंग पास झाल्याशिवाय लोखंडाला हात न लावणारा मी! कागद होईपर्यंत उन्हाळा गेला. मुलीने पुण्याहून फोन केला, "बाबा, मी विमानाची तिकिटं काढते, तुम्ही दोघं जाऊन या ना." मी फोनवरच उसळलो. म्हटलं, विमानाने काय, कुणीही जातं. तुझ्या आईला रस्त्याने जायचंय. आईला विचार, म्हटलं. आईला विचारलं का मी? छे! आई बाजूलाच भाजी निवडत होती.

दुसऱ्या वर्षी मी गाडी उचलली. म्हणजे पाटे आणि स्प्रिंगा बदलून तिचा पूर्ण सांगाडा चाकांच्या वर चढवला, पोटाखालून दगड-धोंडे सहज जावेत म्हणून. मिस्त्री दोन इंचांवर थांबा म्हणत होता. पोहा मंडळी म्हणाली, "चार करो भिया, दो में क्या दिखेगा." मी चार केले. त्यावर मोठे टायर घातले, छतावर त्या गोऱ्यासारखा तंबू बसवला. गाडी गल्लीत शिरली की तंबू केबलच्या वायरींना घासायचा आणि लोक गॅलरीत येऊन बघायचे. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची माझी.

गुढीपाडव्याला गाडी गणपतीपुढे नेली. हार, नारळ, चारी चाकांखाली लिंबं. अशा वेळी घरची बाई आधी बसते, मग गाडी लिंबं चिरडून पुढे जाते. आमच्याकडे असंच आहे. ही नऊवारी नेसून आली होती. हातातलं ताट कुणाकडे तरी दिलं, दार उघडलं, आणि पाय उचलला.

पाय पोचला नाही.

तिचे गुडघे दुखायचे हे मला माहीत होतं. घरात माहीत होतं. गाडीपाशी आलो की मी विसरायचो. सगळी मापं घेतली होती मी. दगडाची उंची, नाल्याचं पाणी, तंबूचं वजन, सगळं कागदावर होतं. आपल्या बायकोचा पाय किती वर उचलतो हे एक माप तेवढं घेतलं नव्हतं. गाडी उचलल्यावर तिला एकदा आत बसवूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तिने दोनदा प्रयत्न केला. पोहा मंडळीतला एक समोरच्या हारवाल्याचं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आला. त्यावर चढून, दाराला लटकून, कशीबशी आत गेली. लोक हसले. ती पण हसली. मी पण हसलो, आणि तो हसलेला चेहरा आठवला की आज स्वतःला थोबाडावं असं वाटतं.

त्या दुपारी ती म्हणाली, "अहो, दाराखाली एक पायरी लावून घ्या ना. शाळेच्या व्हॅनला असते तशी."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, पायरी लावली तर खाली दगडाला घासेल. चार इंच मिळवले ते फुकट जातील. गाडीचा लुक जाईल. लुक! साठी उलटलेला माणूस मी. म्हणालो, स्टूल ठेवू की बरोबर, त्यात काय एवढं.

ती म्हणाली, "बरं."

ती भांडली असती तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. पण आज निदान तिने भांडून पाहिलं होतं असं म्हणता आलं असतं. आता माझ्या वाट्याला नुसतं ते "बरं" आहे.

उंच केल्यामुळे गाडी जरा वेग घेतला की थरथरायला लागली. मिस्त्री वैतागून म्हणाला, "मैंने पहले ही बोला था बाऊजी. वापस नीचे कर दो, दो दिन का काम है." दोन दिवस! तेव्हा मे चालू होता. खाली करून, पायरी लावून, जूनमध्ये निघता आलं असतं. पण पोहे खायला रोज जायचं होतं ना मला. खाली केलेली गाडी घेऊन कोणत्या तोंडाने जाणार? मी हट्टाला पेटलो. हा शाफ्ट बदल, तो कोन बदल, दिल्लीहून पार्ट मागव. थरथर गेली तेव्हा नवरात्र आलं होतं आणि वरचे रस्ते बंद व्हायच्या बेतात होते. तिने कप्प्यात भरून ठेवलेला रवा किडला म्हणून फेकून दिला.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत गाडी तयार झाली. खरंच तयार. एक खोट काढता आली नसती तुम्हाला. तिच्या जुन्या शाळेला दाखवायची म्हणून देपालपूरला घेऊन गेलो, हरभरा काढलेल्या शेतांमधून, बांधावरून, काळ्या मातीच्या ढेकळांवरून. गाडी अशी चालली, अशी चालली की मी स्टेअरिंगवर थाप मारत होतो. शाळेच्या दारात ती स्टूलवरून उतरली, बरोबरच्या शिक्षिकांना भेटली. परत चढताना मध्येच थांबली. एक पाय स्टूलवर, एक हात दाराला. गुडघा धरला असेल म्हणून मी आतून ओरडलो, "चल ना, लोकं बघताहेत." ती म्हणाली, "थांबा हो. श्वास पुरत नाहीये."

श्वास. गुडघा नाही.

डॉक्टरांनी फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून दवाखान्याच्या जिन्यावरून चालवलं. मग तिला विचारलं, दम कधीपासून लागतो? ही म्हणाली, "दीड वर्ष तरी झालं असेल. मला वाटलं, वय आहे." मी बाजूला बसलो होतो. त्यातलं जवळजवळ वर्षभर ती माझ्यासमोर त्या स्टूलवर चढत होती.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक होत चालली आहेत. औषधाने वेग कमी होईल, झालेलं परत फिरणार नाही. मी लडाखचं विचारलं. विचारलं कसलं, वाद घातला. ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवतो म्हटलं, पेटीत जागा आहे. विमानाने नेतो म्हटलं. हो, विमानाने! ते म्हणाले, "गाडीचा प्रश्न नाहीये काका, उंचीचा आहे. तिथे नेऊ नका." मग मलाच राहवलं नाही, विचारलं, दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर? ते सहज म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी? तेव्हा मी बहुतेक नाही म्हटलं नसतं."

बाहेर आल्यावर तिने माझ्या हातातली फाइल घेतली. म्हणाली, "चला, रिक्षा करू. मला चालवत नाही आता."

गाडी महिनाभर दारात उभी होती. पोहा मंडळींपैकी एकाने विचारलं, "तो भिया, कब निकल रिये हो?" मी प्लेट तशीच ठेवली आणि त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा काय दोष? बोलणारे बोलले, करणारा मी होतो. पण तेव्हापासून मी त्या दुकानावर गेलेलो नाही.

एप्रिलमध्ये गाडी विकली. विजयनगरकडचं एक तरुण जोडपं होतं, नुकतंच लग्न झालेलं. लडाखलाच निघाले होते. मुलगी गाडीभोवती फिरत "क्या बनाई है अंकल!" म्हणत होती आणि मला गाडीला लाथ घालावीशी वाटत होती. बायकोने त्यांना पडदे कसे काढायचे ते दाखवलं. मी नकाशा काढून घ्यायला गेलो तर म्हणाली, "असू द्या. त्यांना लागेल." आणि त्या मुलीला एकच सांगितलं, "सिंधूपाशी पोचलात की व्हिडिओ पाठव, बेटा."

जुलैत पाठवला. दुपारची वेळ होती. आम्ही दोघं पलंगावर बसलो होतो, तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, मधे माझा मोबाईल.

आधी आमची गाडी दिसली, चिखलाने माखलेली, नदीच्या काठावर. मग दार उघडलं आणि ती मुलगी उतरली. उडी मारून नाही, लटकून नाही. दाराखाली लोखंडी पायरी होती. साधी, जाळीची, सियागंजच्या कुठल्याही दुकानात मिळते तशी. त्या मुलीने तिच्यावर पाय ठेवला आणि उतरली. मी मोबाईल जरा माझ्याकडे वळवला, हिला दिसू नये म्हणून.

मुलीने मागची पेटी उघडली, स्टोव्ह काढायला कप्प्याचं दार ओढलं. दाराच्या आत नकाशा. लाल रस्ता, निळी रेघ. आणि त्याच्या मागे, पेटीच्या पलीकडे, खरी सिंधू वाहत होती. मातकट, गढूळ, सिमेंटच्या पाण्यासारखी.

ही मोबाईलवर वाकली. मग म्हणाली, "निळी नाहीये हो."

मी म्हटलं, तिकडे आता उन्हाळा आहे, बर्फ वितळतं, म्हणून. थंडीत निळी असेल.

"असेल," ती म्हणाली. "मी मुलांना निळीच काढून दाखवली. तीस वर्षं. एकदा जाऊन आले असते तर सांगितलं तरी असतं कुणाला, की उन्हाळ्यात अशी असते."

व्हिडिओ संपला. तिने मला तो परत लावायला सांगितला. मी लावला. गाडी आली, दार उघडलं, मुलगी उतरली. या वेळी मला मोबाईल वळवायचं सुचलं नाही.

"पायरी लावून घेतली वाटतं त्यांनी," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"छान केलं," ती म्हणाली, आणि नाकातली नळी काढून, गुडघ्यावर हात ठेवून चहा टाकायला उठली.