बाबांना न विचारलेला प्रश्न

माझ्या हाताखालच्या एका मुलीचा रविवार मी निव्वळ जळून हिरावून घेतला. कारण मात्र कामाचं दिलं.

मध्य प्रदेशातून फुटून आमचं राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. गाड्यांच्या पाट्यांवर एमपीच्या जागी सीजी दिसायला लागलं होतं. भोपाळहून बदलून आलेल्या कुटुंबांमुळे समता कॉलनीतल्या माझ्या दवाखान्यात गर्दी वाढली, म्हणून मी एक तरुण डॉक्टर मदतीला घेतली. ती मराठीच, पण बोलता बोलता हिंदीत शिरायची. आपलं मराठी सुटू नये म्हणून दर रविवारी दुपारी ती माझ्या बाबांना गोष्टी वाचून दाखवायची. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मोतीबिंदूमुळे त्यांचं वाचन बंद पडलेलं.

त्या उन्हाळ्यात बाबांना लघवीचा संसर्ग झाला. ते पाणीच पीत नव्हते. मी रोज बायकोला विचारायचो, "बाबांनी पाणी घेतलं का?" बाबा समोरच बसलेले असायचे. दवाखान्यातही माझी हीच रीत होती. म्हातारा खुर्चीवर, आणि प्रश्न त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलाला.

एका रविवारी मी चहा घेऊन दाराशी आलो. गोष्टीतला म्हातारा स्वतःच आपली हकिगत सांगत होता. दिवस मावळला की तो पाण्याला शिवत नाही, असं काहीतरी. ती वाचता वाचता थांबली.

"आजोबा, सच बताइए, तुम्ही पण?"

"हव. रात्री उठाव लागते, सुनेची झोप मोडते. एक डाव चादर ओली झाली. तिनं गुपचूप धुतली. मले मेल्यासारखं झालं."

"सरांना क्यों नहीं बताया?"

"त्याले? तो माह्या रिपोर्टाशी बोलते, माह्याशी नाही." आणि दोघंही हसले.

बाबांच्या दुःखापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत मी विचारलं नव्हतं, ते एका गोष्टीनं विचारलं होतं. आणि उत्तर मिळालं तिला.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, "आता रविवारी दुपारीही दवाखाना उघडा ठेवू. तूच बस."

"जी सर," म्हणून तिनं पान दुमडलेलं पुस्तक माझ्याकडे दिलं. मी ते कपाटात टाकलं.

रविवारी बाबा धुतलेला सदरा घालून फाटकाकडे बघत बसले.

"पोट्टी काहून नाही आली?"

"काम आहे तिला."

पुढे त्यांनी विचारणंही सोडलं. तांब्या भरलेलाच राहायचा. मग पुन्हा ताप चढला, सलाईन लावावी लागली. तेव्हा मी ते पुस्तक काढलं आणि पलंगाशी बसून वाचायला लागलो. खरं सांगायचं तर, त्यांनी माझ्यासाठीही तसंच हसावं, एवढाच हट्ट होता.

"मालगाडीसारखा वाचून राहिला तू," बाबा म्हणाले. "एखाद्या स्टेशनावर थांब तरी."

मी थांबलो. गोष्टीतल्या त्या म्हाताऱ्याला कुणीच काही विचारत नव्हतं.

"बाबा, रात्री पलंगाशी भांडं ठेवलेलं चालेल तुम्हाला? की मी इथंच झोपू?"

बाबांनी पलंगाशेजारची जागा दाखवली. "तूच झोप," म्हणाले. "आणि पोट्टीचं काम सरलं का?"

"तिला काम नव्हतंच, बाबा. मीच तिला येऊ दिलं नाही. तुम्ही तिच्याशी बोलता, याचा मला हेवा वाटला. उद्या तिची माफी मागेन. तुमची आत्ता मागतो. माझं चुकलं."