आवाज ऐकणारा कॅमेरा

वाशीच्या त्या दुकानात शिरताच पुतळाबाईंनी बसायला कुठे काही आहे का, ते आधी पाहिलं. भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच वाघ एकाच वेळी पाणी पीत होता. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर त्या टेकल्या, गुडघे दाबत म्हणाल्या, "तुमी बघा काय बघायचं ते. मी हाय इथंच."

पण बघायचं होतं ते त्यांच्याचसाठी.

जुईनगरला खेटून असलेल्या त्यांच्या गावठाणात पुतळाबाईंना ओळखत नाही असं घर नाही. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवाखाली दिवा लावून बसायचं आणि गावदेवीपासून वेशीवरच्या देवापर्यंत, घरातल्या गेलेल्या माणसांपर्यंत, एकेकाला नाव घेऊन धवल्यांतून, म्हणजे लग्नातल्या गाण्यांतून, आवतण द्यायचं, हे त्यांचं काम. सासूकडून शिकल्या त्याला चाळीस वर्षं झाली. मिठागरं गेली, शेतं गेली, त्यांवर टॉवर उभे राहिले. धवले मात्र त्यांच्या गळ्यात तसेच राहिले. त्यांच्याकडून मात्र कोणी घेतले नाहीत. सुनांना नोकऱ्या, नातींना क्लास. त्यात दोन वर्षांपासून गळाच साथ देईना. नातवाचं, रूपेशचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, "यो शेवटचा मांडव. फुडं मना जमायचं नाय."

म्हणूनच सून मीना हट्टाला पेटली होती. तीन वर्षांपूर्वी नात सोनलच्या लग्नात चांगला व्हिडिओवाला बोलावला होता. सीडी आली, सगळं घर टीव्हीसमोर बसलं. पुतळाबाई मांडवात बसलेल्या, ओठ हलताहेत, हातातले तांदूळ दिसताहेत, आणि वरून सनईच्या सुरात कुठलंसं सिनेमातलं गाणं! शूटिंग कंटाळवाणं होऊ नये म्हणून त्याने ते लावलं होतं. पूर्ण अडीच तासांत त्यांचा एक शब्द नव्हता. तेव्हा सगळे हसले होते. पुतळाबाईही हसल्या होत्या. मीनाला मात्र ते लागलं होतं. यंदा कॅमेरा घरचा.

"हा बघा, वीसपट झूम," दुकानातला शिवतेज रूपेशला सांगत होता. "स्टेजवरून नवरीच्या नथीतला मोती दिसेल."

"एक नंबर!" रूपेश म्हणाला.

"मोती काय करायचाय?" मीना म्हणाली. "आवाज कसा येतो ते सांगा."

"आवाज मस्त, ताई. बोलून बघा ना."

रूपेश ओरडला, "हॅलो, हॅलो, चेक!" खणखणीत आलं.

"तुझा काय, तू गावातल्या चिंचेखालनं बोललास तरी पनवेलला ऐकू जाईल," पुतळाबाई स्टुलावरून म्हणाल्या. "गानार मी हाय."

"मग आजी, तूच गा ना. दोनच ओळी."

पुतळाबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "इथं? मांडव नाय, दिवा नाय, लगीन कोनाचं हाय? देवांना आवतन देऊन बोलवीन, ते येतील. मंग त्यांना बसवू कुठं, या खोक्यांवर?"

गोष्ट खरीच होती. धवले उगाच गायचे नसतात. घरी खोली बंद करून रेकॉर्ड करू, ही मीनाची पहिली कल्पनाही त्यामुळेच बारगळली होती.

"बरं, गाऊ नको. साधं बोल," मीना म्हणाली.

मग त्या बोलल्या. सकाळी नळ गेला होता, भाकऱ्या उशिरा झाल्या, गुडघ्याला तेल लावायचं राहिलं, असंच काहीबाही. वीसपट झूमवाल्याने एसीची घरघर आणि वाघाचं संगीत नीट पकडलं, त्यांचं बोलणं त्याखाली बुडालं. मग शिवतेजने एक छोटा, जुन्या पद्धतीचा कॅमेरा काढला. त्याला वेगळा माइक लागत होता. तो त्याने पुतळाबाईंच्या पदराला अडकवला. पुन्हा तेच बोलणं.

या वेळी सगळं आलं. श्वास, मधेच फाटणारा स्वर, शब्दाआधीची घरघरसुद्धा.

"ही कोन म्हातारी?" पुतळाबाईंनी विचारलं. कोणी हसलं नाही. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. आपल्या गळ्याचं काय झालंय ते त्यांना माहीत होतं. ऐकलं आज होतं.

"हाच द्या," मीना म्हणाली.

"मम्मी, पिक्चर क्वालिटी बघ ना," रूपेश कुरकुरला. "आणि माइक कसलाही लाव, डीजेपुढे काय ऐकू येणार आहे?"

हे मीनाच्या ध्यानातच आलं नव्हतं. धवले गायचे ते हळदीच्या दिवशी, आणि त्याच दिवशी मांडवाबाहेर माणसाच्या उंचीचे बारा स्पीकर.

"तास-दोन तास बंद ठेव," ती म्हणाली.

"पोरं ऐकतील का? अर्धा तास ठेवतो. फार तर पाऊण."

"पाऊन तासात गावदेवी पन येऊन बसत नाय," पुतळाबाई म्हणाल्या. चिडून नाही, भाजीवालीला आता भाव सांगायचाही कंटाळा यावा, तशा.

कॅमेरा छोटाच घेतला. रूपेश बाइकवरून पुढे गेला. सासू-सून रिक्षात बसल्या, खोकं पुतळाबाईंच्या मांडीवर. पाम बीच रोडला लागेपर्यंत त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या.

"काय करतेस, आये?"

"बघते कोनाला वगलता येतंय. पाऊन तासात बसवायचं तर निम्मे देव सोडायला लागतील." जरा वेळाने म्हणाल्या, "नाय जमत. समद्यांनी आपल्याला सांभाललंय."

सिग्नलला रिक्षा थांबली. त्यांनी डोळे उघडले.

"डीजेवाली पोरं येतान कवा?"

"दहाच्या आत कुठली?"

"मंग मी सकाली सहाला बसते."

"सहाला? मांडवात माणूस तरी असेल का, आये? करवल्यासुद्धा झोपलेल्या असतील."

"नसू दे. आवतन देवांना हाय, करवल्यांना नाय." त्यांनी मांडीवरचं खोकं मीनाच्या मांडीवर सरकवलं. "जड हाय. तू धर. आनि सहाला उठशील ना?"

मीनाने दोन्ही हातांनी खोकं धरलं. "उठेन."

पुतळाबाईंनी मान टेकली. घर येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. उरलेला गळा आता त्यांना पंधरा दिवस पुरवायचा होता.